चौकावरच्या खोल्या

पाडापाडीचे फोटो फोनवर फिरले आणि त्या खोल्यांचा सगळ्या मालेगावाला लळा होता, असं एकाएकी कळलं. मलाही होता, पण जरा उशिरा जडलेला.

खाली खानावळ, वर खोल्या, मागे बैल सोडायचं आवार. जागा चालली ती मालकांच्या कर्तबगारीपेक्षा रस्त्यांमुळे. अकोल्याहून मेडशीवरून वाशीमला जाणारा रस्ता आणि शेलूबाजारकडून मेहकरला निघालेला, दोन्ही इथं भेटतात. त्यात वाशीमचा जुना जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात घातला गेला, तो १९९८ ला वेगळा होईस्तोवर जिल्ह्याचं काम म्हणजे अकोला. खेड्यातला माणूस आदल्या संध्याकाळी मालेगावात येऊन पडायचा आणि पहाटेची गाडी धरायचा. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू मात्र सहसा इथं टेकत नसत.

इंग्रजांनी १८६७ मध्येच सरायांचा कायदा केला होता: झाडलोट ठेवा, पहारा ठेवा, दराची पाटी लावा, साथीचा रोगी आला तर कळवा. थोरल्या मालकांचा कायदा दोनच प्रश्नांचा. "गाव कोनतं? कोनाचे तुम्ही?" माझे वडील मास्तर होते, खोटं बोलत नसत. उत्तर ऐकलं की मालक हात जोडून म्हणायचे, "जागा भरली जी." अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये आला होता, सराई, धर्मशाळा, हॉटेल, सगळं त्यात होतं. पण मालकांनी नाही म्हटलंच कुठं? जागा भरलेली असायची, एवढंच. मग वडील बाहेरच्या ओट्यावर, पिशवी उशाला घेऊन. आपल्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली, हे वडिलांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की लहानपणी मला ती मालेगावातच असेल असं वाटे. सकाळी चुरगळल्या सदऱ्यानं ते अकोल्याच्या साहेबापुढे उभे राहत. फोटोंखाली लोकांनी थोरल्या मालकांच्या पाहुणचाराबद्दल भरभरून लिहिलंय. लिहू देत.

शेवटी शेवटी जागा कुणी भाड्यानं चालवली. एव्हाना मुक्कामाची गरजच सरत आली होती. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. नागपूरहून सुटलेल्या गाडीला आता चौकात शिरायचं कारण नाही.

या दोघांच्या मधले म्हणजे धाकटे मालक. अंगानं किरकोळ, कानात अत्तराचा फाया, गिऱ्हाइकाशी तिरसट. बाप गेल्यावर गल्ल्यावर बसले. पुसातली रात्र होती, कापसाचा हंगाम. आवारात गाड्या, शेकोटी, बैलांच्या घंटा. मी वडिलांबरोबर होतो. वडील गल्ल्यापुढे उभे राहिले आणि विचारण्याआधीच गाव सांगू लागले. धाकट्यांनी वहीतून मान वर केली नाही. "एकटे का दोघं?" म्हणाले, आणि किल्ली सरकवली.

खोलीत बाजेवर कापूस गोळा झालेली गादी, माठ, पिवळा दिवा. वडिलांनी आतून कडी लावली. काढली. पुन्हा लावली. मग बाजेच्या कडेला बसून राहिले. मी झोपलो तरी बसलेलेच होते. धाकट्यांनी हे मुद्दाम केलं की पैशाला जात नसते म्हणून, मला कधी ठरवता आलं नाही. वडिलांनी तो विषयच काढला नाही.

सकाळी हिशेबात घोंगडीचे पैसे वेगळे लावलेले निघाले. "घोंगडी मागितली कोनं?" वडील म्हणाले. "पांघरली ना?" धाकटे म्हणाले. आवाज चढले, खाणारे घास हातात धरून बघू लागले, बाहेर अकोल्याची गाडी भोंगा वाजवत होती. मी सदरा ओढत होतो. वडील हलले नाहीत. निम्मे पैसे कमी करून घेतले, मोजून खिशात टाकले, आणि पायरी उतरताना मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "पुढल्या खेपेला गादी पिंजून ठेवा."