ती गेली कुठे?

नटीविषयी लिहायचे म्हणजे तिच्या डोळ्यांपासून सुरुवात करावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. स्मिता पाटीलच्या डोळ्यांवर तर आजवर इतकी शाई खर्ची पडली आहे, की त्यात माझ्या दौतीची भर नको. मला सांगायचे आहे ते माझ्या मामीच्या एका प्रश्नाविषयी.

वाशीम जिल्ह्यातले कामरगाव हे माझे आजोळ. तिथे एका संध्याकाळी दूरदर्शनवर ‘उंबरठा’ लागला आणि शेजारपाजारच्या बायका मामीकडे जमल्या. जब्बार पटेलांचा हा १९८२ चा चित्रपट. त्यातली सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षिका होते, तिथल्या गैरकारभाराशी झगडते, थकून घरी परतते. तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरीच कुणी आलेली! सुलभा पुन्हा घराबाहेर पडते आणि चित्रपट संपतो. मामीने पदराने कपाळ पुसले अन् विचारले,

“पण मंग ते गेली कुठी?”

समीक्षक अशा शेवटाला ‘खुला शेवट’ म्हणतात; मीही वर्गात तसेच शिकवतो. परंतु जिला माहेरी चार दिवसांच्या वर राहण्याची चोरी आणि सासरचे दार लागले की दुसरे छप्पर नाही, तिला त्या शेवटात मोकळीक कुठून दिसावी? तिला दिसते ती पुढची रात्र.

हा प्रश्न पडद्यावर टाकून स्मिता स्वस्थ बसली नाही, हे तिचे मोठेपण. घराणे मूळचे शिरपूरचे; वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजसेविका. साहजिकच समाजकार्य तिला परके नव्हते. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांनी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. १९८५ मध्ये पद्मश्रीही आली. या साऱ्या धामधुमीत मुंबईच्या ‘विमेन्स सेंटर’शी तिने नाते जोडले होते. घरात छळ सोसणाऱ्या बायकांच्या पाठीशी उभी राहणारी ही संस्था. मामीच्या प्रश्नाला निदान एक पत्ता तरी असावा, अशीच ही धडपड नव्हे काय?

१३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी, स्मिता गेली. वय अवघे ३१. तिच्या पुरस्कारांची नावे कामरगावात फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पण ओल्या बाळंतिणीचे जाणे म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होते.

आता माझ्या वर्गातल्या मुली ‘उंबरठा’ पाहून निराळेच विचारतात, “सर, ती आधीच का नाही गेली?” प्रश्न ऐकून बरे वाटते. काळ पुढे सरकला खरा! पण मामीचा प्रश्न काही त्यामुळे निकालात निघत नाही. ‘आधीच का नाही गेली’ असे विचारणाऱ्याने ‘जायचे कुठे’ हेही सांगायला हवे. उंबरठा ओलांडण्याचे धाडस बायकांपाशी पुष्कळ आहे. त्यांना हवे आहे ते दिवस मावळायच्या आत पोचता येईल असे एखादे दार. आणि कामरगावच्या बाईला मुंबई फार लांब पडते.