चिठ्ठी कुणाच्या बाकाखाली सापडली

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकला, आता एकोणीस वर्षांचा आहे आणि रोज पहाटे तालमीत जातो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे आखाडा. या शब्दावर आमच्या वर्गात दरवर्षी हशा होतो. हा मुलगा दोन्ही तालमींतला. त्याने पिशवीतून प्रोटीनचा सीलबंद डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, इसपे क्या लिखा है, जरा पढ़ के बताओ ना. इसमें वो डोपिंगवाला कुछ नई है ना? अगले महीने जिल्हा है."

"दुकानवाला काय म्हणाला?"

"बोला, सौ टका सेफ है."

"बिल दिलं?"

"बिल कौन देता, मॅडम."

मी चष्मा लावून बारीक अक्षरातली इंग्रजी यादी वाचली. निम्मी नावं मला उच्चारता येईनात. मी उर्दू-मराठीची शिक्षिका. डब्यावर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवू शकते. डब्यात तेवढंच आहे की आणखी काही, हे वाचून कुणालाच कळत नाही. तसं त्याला सांगितलं, चहा दिला, आणि त्याच्याकडे बघता बघता मला नरसिंग यादव आठवला.

महाराष्ट्रात कुस्ती बघणाऱ्यांना हे नाव सांगावं लागत नाही. घर मूळचं उत्तर प्रदेशातलं, वडील मुंबईत दुधाचा धंदा करणारे, आणि मुलगा २०११, २०१२, २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याने ७४ किलो गटात ब्राँझ पदक घेतलं आणि त्याच पदकाने रिओ ऑलिंपिकची जागा भारताला मिळाली. त्याच वजन गटात सुशीलकुमार होता. त्याने निवड चाचणीची मागणी करत दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि रिओला नरसिंग जाणार हे पक्कं झालं.

पुढच्या दोन महिन्यांत काय झालं ते तारखांनीच सांगते. २५ जूनला सोनीपतच्या शिबिरात त्याचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडिनोन नावाचं स्टेरॉइड सापडलं. ५ जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही ते होतं. नरसिंग म्हणाला, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं. त्याने पोलिसांत तक्रार दिली. १ ऑगस्टला नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या शिस्तपालन मंडळाने त्याचं म्हणणं मान्य केलं आणि त्याला मोकळं केलं. तो रिओला पोहोचला. जागतिक संस्था वाडाने त्या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे अपील केलं. १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने निकाल दिला: घातपाताचा पुरेसा पुरावा नाही, चार वर्षं बंदी. पुढे सीबीआयनेही या घातपाताच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला. चार वर्षं मात्र गेली ती गेलीच.

नरसिंग निर्दोष होता असं म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. लवादापुढे तज्ज्ञांनी सांगितलं होतं की, लघवीतलं प्रमाण पाहता हे पाण्यात मिसळलेल्या पावडरीपेक्षा एक-दोन गोळ्या घेतल्यासारखं दिसतं. लवादाने पुरावे बघून निर्णय दिला. माझा प्रश्न वेगळा आहे. खून, चोरी, लाच अशा खटल्यात आरोप करणाऱ्याने गुन्हा सिद्ध करायचा असतो आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. इथे खेळाडूलाच सिद्ध करावं लागलं की हे माझ्या शरीरात कसं आलं. असं का?

कारण खेळाचा कायदा वेगळ्या पायावर उभा आहे. इंग्रजीत त्याला स्ट्रिक्ट लायबिलिटी म्हणतात. साध्या मराठीत, शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची. तुम्ही मुद्दाम घेतलं का, हे पहिल्या पायरीवर विचारलंच जात नाही. नीयतीचा प्रश्न येतो तो शिक्षा किती द्यायची हे ठरवताना. आणि तिथेही स्टेरॉइडसारख्या पदार्थाच्या बाबतीत चार वर्षांतून सुटायचं असेल तर "मुद्दाम नव्हतं" हे खेळाडूनेच पटवून द्यायचं.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं. नीयतीवर अमलाची किंमत ठरते, हे आम्ही मदरशात पहिल्या वर्षी शिकतो. मग रोज्याचा मसला आठवला. बिगरमुस्लिम वाचकांसाठी सांगते. रोजा आहे हे विसरून कुणी पाणी प्यायलं, तर रोजा तुटत नाही. पण रोजा लक्षात असताना, वजू करताना चूळ भरली आणि पाणी चुकून घशाखाली गेलं, तर आमच्या हनफी मसलकात रोजा तुटतो. गुनाह नाही, पण त्या रोज्याची कजा आहे, म्हणजे तो नंतर पुन्हा ठेवायचा. पाणी गेलं ही घटना एक, आणि तुम्ही दोषी आहात की नाही ही गोष्ट दुसरी.

खेळाच्या कायद्याच्या मुळाशीही हीच विभागणी आहे. स्पर्धेतल्या चाचणीत उत्तेजक सापडलं, तर त्या स्पर्धेतला निकाल रद्द, मग चूक कुणाचीही असो. कारण हरलेल्याच्या बाजूने बघितलं तर त्याच्यावर अन्याय झालेलाच असतो. बंदी मात्र दोषाच्या मापाने कमी होऊ शकते, अगदी शून्यही होऊ शकते. कागदावर हे न्याय्य आहे. अडचण एवढीच की माप घेण्यासाठी लागणारा पुरावा गोळा करायचं काम ज्याच्यावर येतं, त्याच्याकडे ना पोलीस असतात, ना प्रयोगशाळा. बहुतेकदा बिलसुद्धा नसतं.

हे मला जरा जास्त लागतं, त्याला कारण आहे. आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेत नववीची वार्षिक परीक्षा, इतिहासाचा पेपर, वर्गावर मी. एका मुलाच्या बाकाखाली घडी घातलेली चिठ्ठी सापडली. नियम साधा होता: ज्याच्या बाकाखाली चिठ्ठी, त्याची कॉपी. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "कसम से मॅडम, मेरी नई है. किसीने फेकी." हे वाक्य मी त्याआधी कितीतरी वेळा ऐकलं होतं. मी पेपर काढून घेतला, लाल शेरा मारला, ऑफिसात पाठवला. त्या विषयात शून्य.

संध्याकाळी अहवालाला चिठ्ठी जोडायला घेतली तेव्हा माझं लक्ष अक्षराकडे गेलं. ‘काफ’ची वरची रेघ लांब, जवळजवळ आडवी ओढलेली. तसा काफ वर्गात एकच मुलगा काढायचा आणि तो दोन बाक मागे बसायचा. दोन वर्षं मी त्याच्या वह्या तपासल्या होत्या. मला दिसलं, आणि तरीही मी पिन मारली. नियमाला फक्त चिठ्ठी आणि बाक हवा होता, आणि ते दोन्ही माझ्याकडे होते. प्रकरण वाढवायचं नव्हतं. निकालपत्रकं भरायची होती.

तो मुलगा ग्रेसवर दहावीत गेला. फार काही बिघडलं नाही, असं कुणीही म्हणेल. पण त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला त्याने एकदाही हात वर केला नाही.

या घटनेवरून मी नियमच चुकीचा ठरवला असता, तर सोपं झालं असतं. पण त्यानंतरच्या परीक्षांत "किसीने फेकी" म्हणणारी आणखी मुलं आली आणि त्यांतल्या दोघांच्या चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात होत्या. नुसत्या कसमेवर सोडायचं ठरवलं तर कॉपी कधीच पकडली जाणार नाही. "कुणीतरी मिसळलं" एवढ्यावर खेळाडू सुटू लागले, तर प्रामाणिक पैलवानाने कुणाकडे बघायचं? म्हणून पहिला प्रश्न, "सापडलं कुणाकडे?", कडकपणेच विचारावा लागतो. माझा गुन्हा असा की दुसरा प्रश्न, "आलं कुठून?", मी विचारलाच नाही.

दुसरा प्रश्न विचारायचं काम फौजदारी कायद्याचं. खेळाच्या संस्था खेळाडूच्या पलीकडे फार लांब जाऊ शकत नाहीत. दुकानदाराला, दलालाला, इंजेक्शन देणाऱ्याला त्या हातकडी घालू शकत नाहीत.

फ्रान्समध्ये हे दोन प्रश्न एकदा स्पष्टपणे वेगळे झाले. ८ जुलै १९९८ रोजी, टूर द फ्रान्स सायकल शर्यत सुरू होण्याच्या तोंडावर, फेस्तिना संघाचा मालिशवाला विली व्हुत बेल्जियमच्या सीमेवर पकडला गेला. त्याची गाडी ईपीओ आणि ग्रोथ हार्मोनसारख्या औषधांनी भरलेली होती. संघ शर्यतीबाहेर गेला. संघाचा लाडका सायकलपटू रिशार व्हिराँक दोन वर्षं "मी नाही" म्हणत राहिला आणि २००० साली लील शहरातल्या खटल्यात न्यायाधीशांपुढे कबूल झाला. निकाल लागला तेव्हा व्हिराँक निर्दोष सुटला, आणि संघाचा संचालक ब्रुनो रुसेल व व्हुत यांना निलंबित कैद झाली. खटला औषधं पुरवण्याचा आणि वापराला चालना देण्याचा होता, घेण्याचा नव्हता. सायकलिंग संघटनेने मात्र व्हिराँकवर बंदी घातली. एकाच माणसाचे दोन निकाल, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

अमेरिकेने २०२० साली केलेला रॉडचेंकोव्ह कायदा याच वाटेने गेला. त्यात खेळाडूला तुरुंग नाही. पुरवठादार, डॉक्टर, प्रशिक्षक अशा मागच्या बाकावरच्यांना आहे. टोकियो ऑलिंपिकच्या धावपटूंना औषधं पुरवणाऱ्या टेक्सासच्या एरिक लिराला या कायद्याखाली शिक्षा झाली. जर्मनीने २०१५ च्या कायद्यात खेळाडूलाही गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. पण तिथला गाजलेला निकाल एका डॉक्टरविरुद्धचा आहे. खेळाडूंचं रक्त काढून, साठवून, पुन्हा चढवणाऱ्या मार्क श्मिटला जानेवारी २०२१ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ४ वर्षं १० महिन्यांची कैद दिली.

आपल्याकडे २०२२ साली संसदेने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा केला. त्याआधी नाडाच्या नियमांना संसदेच्या कायद्याचं पाठबळ नव्हतं. आता शिस्तपालन मंडळ आणि अपील मंडळ कायद्याने उभी आहेत, झडती-जप्तीचे अधिकारही आहेत. पण शिक्षा म्हणजे पदक जाणं, बंदी आणि आर्थिक दंड. कैद नाही. एकोणीस वर्षांच्या पोरांना तुरुंगात टाकू नये, हे मला मान्यच आहे. पण त्यांना डबा विकणाऱ्याचं काय? २०२३ साली नाडाने ५,६०६ नमुने तपासले, त्यांतले २१३ पॉझिटिव्ह निघाले. शंभरात जवळजवळ चार. दर वेळी बातमीत खेळाडूचं नाव येतं. त्याला ते कुणी दिलं, त्याचं नाव वाचल्याचं मला क्वचितच आठवतं.

हे सगळं त्या मुलाला मी एवढं लांबण लावून सांगितलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तुझ्या पोटात जे जाईल त्याचा जबाब तुलाच द्यावा लागेल. उस्ताद, दुकानदार, मॅडम, कुणीही तुझ्या जागी उभं राहणार नाही. दोन, काहीही घेणार असलास तर बिल घे, बॅच नंबर लिहून ठेव, डबा फेकू नकोस. उद्या "आलं कुठून" हे दाखवायची वेळ आली तर हाच तुझा साक्षीदार.

तो दुकानात परत गेला. दुकानदार म्हणाला, "माल पाहिजे तर ने, बिल मागू नको." डबाही परत घेतला नाही. "साडेतीन हजार का है मॅडम, अब्बा को क्या बोलूं?" म्हणत तो पुन्हा माझ्या दारात आला. त्याचे अब्बा हमाली करतात. त्यांना काय सांगायचं, ते मलाही सुचेना. शेवटी मीच त्यांच्याशी बोलायला गेले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "टीचर, पोरगा दूध-अंड्यावर लढेल. हरला तर हरू दे."

डबा सध्या माझ्या कपाटात आहे, सील तसंच. तळाला बॅच नंबर आहे, तो मी वहीत उतरवला आहे. दुकानाच्या नावासकट अर्ज लिहिला आहे आणि सोमवारी अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात देणार आहे. त्याचं पुढे काय होईल सांगता येत नाही. पण या वेळी अक्षर ओळखूनही पिन मारून मोकळी झाले, असं व्हायला नको.