दम आणि घड्याळ

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांच्या काळात, 1803 साली, तो कोरला गेला. राजवाड्याजवळच्या एका गल्लीत राहणारे एक निवृत्त गणितशिक्षक रोज सायंकाळी त्या भिंतीच्या कडेने फिरावयास जातात. पूर्वी ते संपूर्ण प्राकाराला न थांबता प्रदक्षिणा घालीत. आता अर्ध्या वाटेत दम लागतो. तेव्हा शिलालेखासमोर उभे राहून ते दोन-चार ओळी वाचल्यासारखे करतात. पाहणाऱ्याला तो इतिहासाचा अभ्यास वाटतो. प्रत्यक्षात तो विसावा असतो.

या गृहस्थांना तरुणपणी चडुगुडूचे वेड होते. महाराष्ट्रात ज्याला हुतुतू म्हणत आणि आता सर्वत्र कबड्डी म्हणतात, त्याच खेळाचे हे तमिळ नाव. घरात मराठी आणि मैदानात तमिळ, अशा दोन भाषांत त्यांचे बालपण गेले. परंतु प्रतिपक्षाच्या अंगणात घुमवावयाचा दम मात्र एकच होता. त्या काळी खेड्यातल्या मैदानावर चढाईसाठी वेगळे घड्याळ नसे. चढाई करणाऱ्याचा श्वास हेच घड्याळ. तो टिकेल तोवर चढाई, तो तुटला की गडी बाद. वेळ छातीत मोजला जाई.

आता चढाईला तीस सेकंद मिळतात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मैदानाबाहेर लखलखणारे आकडे आणि शेवटच्या तीन मिनिटांत त्या आकड्यांकडे वळलेले सर्वांचे डोळे. ज्याच्याकडे आघाडी आहे त्याने वेळ घालवावा आणि जो मागे पडला आहे त्याने वेळ वाचवावा, हे कोणासही सुचेल. परंतु गणिताच्या शिक्षकाचे तेवढ्याने समाधान होत नाही. नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी एकदा हा हिशेब मांडून दाखविला.

तीन मिनिटे म्हणजे एकशेऐंशी सेकंद. दोन्ही संघांनी प्रत्येक चढाईत पुरते तीस सेकंद घेतले, तर एकूण सहा चढाया होतील. प्रत्येकाच्या वाट्याला तीन. पिछाडीवरचा संघ घाईवर आला आणि दहा सेकंदांत चढाई उरकू लागला, तरी आघाडीवरचा संघ आपले तीस सेकंद सोडणार नाही. म्हणजे दोन चढायांच्या जोडीला चाळीस सेकंद. एवढी धावपळ करून घाई करणाऱ्याच्या पदरात जेमतेम एक-दोन चढाया अधिक पडतात. घड्याळाचा अर्धा भागच त्याच्या हाती असतो. उरलेला अर्धा प्रतिपक्षाच्या मुठीत.

"मग घाई करायचीच कशाला?" नातवाने विचारले.

शिक्षकांनी पेन्सिल पुन्हा उचलली. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो. वेळ घालविणाऱ्याला ही सवलत दोनदाच मिळते. पहिली चढाई त्याची असेल आणि दोन्ही पक्ष सावकाश खेळले, तर त्याची तिसरी, निकराची चढाई एकशेविसाव्या सेकंदाला सुरू होते. प्रतिपक्षाने घाई केली, तर तीच चढाई ऐंशीव्या सेकंदाला येते. ती फसली, तर सामन्यात सत्तर सेकंद शिल्लक असतात. घाईने चढाया फारशा वाढत नाहीत. दुसऱ्याचा कसोटीचा क्षण तेवढा अलीकडे ओढला जातो. घाईचे खरे मोल एवढेच, आणि ते थोडे नाही.

वेगाचे आणि सबुरीचे हे भांडण एका खेळापुरते नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एक चाल संपल्यावर दुसरी सुरू करण्यास चाळीस सेकंद मिळतात. आघाडीवरचा संघ ते शेवटच्या क्षणापर्यंत वापरतो. पिछाडीवरचा संघ मसलतीसाठी एकत्र न जमताच पुढची चाल खेळतो. तेथे चेंडू रेषेबाहेर नेऊन घड्याळ थांबविण्याची सोयही आहे. कबड्डीच्या चढाईत अशी पळवाट नाही. वेळ घालवावयाचा तरी बाक रेषा ओलांडून शत्रूच्या अंगणात जावेच लागते. येथला वेळकाढूपणा घरी बसून होत नाही.

कावेरीच्या खोऱ्यातल्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही. मेट्टूर धरणातून 12 जूनला पाणी सोडण्याची येथे प्रथा आहे. ते वेळेवर आले, तर अल्प मुदतीचे कुरुवै भात घेऊन मग सांब्याकडे वळता येते. पाण्याला उशीर झाला, की अनेकांना कुरुवैवर पाणी सोडावे लागते आणि सांब्याचीच वाट धरावी लागते. केव्हा घाई करावी आणि केव्हा एक डाव सोडून द्यावा, हा निर्णय येथला शेतकरी पिढ्यानुपिढ्या घेत आला आहे.

याच जिल्ह्याने देशाला धर्मराज चेरलातन हा कोपरारक्षक दिला. सहकारी त्याला 'अण्णा' म्हणत. 2016 साली त्याच्या नेतृत्वाखाली पाटण्याच्या संघाने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळविले. पुढे पुणे आणि मुंबई या दोन्ही संघांकडून तो खेळला, आणि 2019 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही मैदानात होता. कोपऱ्यात उभा राहणारा गडी घाईने घोट्याकडे झेपावला, तर गुण देऊन बसतो. फार थांबला, तर चढाई करणारा रेषेपलीकडे गेलेला असतो. 2016 सालीच अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत मध्यंतराला इराणच्या मागे 13-18 असा होता आणि शेवटी 38-29 असा जिंकला. त्या चमूतही अण्णा होता. पाच गुणांची आघाडी वीस मिनिटे जपून ठेवण्याची वस्तू नव्हे, हे त्या रात्री दिसले.

शिक्षकांच्या मनात मात्र या सर्वांहून जुना एक सामना आहे. एका गुणाची आघाडी होती आणि बहुधा शेवटची चढाई त्यांची. पकडीत सापडावयाचे नाही, स्पर्शाचा लोभ धरावयाचा नाही, दम घुमवीत वेळ घालवावयाचा, असे त्यांनी ठरविले. पंचांच्या शिट्टीची वाट पाहत ते प्रतिपक्षाच्या अंगणात येरझाऱ्या घालू लागले. शिट्टी झाली नाही. मध्यरेषा दोन पावलांवर असताना श्वास तुटला. कोणीही त्यांना पकडले नव्हते. बरोबरी झाली आणि पुढच्या चढाईत सामना गेला. वेळ घालवावयास जो निघतो त्याने आपल्याजवळ किती वेळ आहे हे आधी मोजावे, एवढेच ते नातवाला सांगतात. सामना आपला होता, हे सांगत नाहीत.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. पुन्हा भारत आणि इराण, 28-28 अशी बरोबरी आणि अखेरचे थोडे क्षण. पवन सेहरावतच्या निकराच्या चढाईवरून वाद उसळला आणि खेळ सुमारे तासभर थांबला. घड्याळ गोठले होते. नातू येरझाऱ्या घालीत होता. आजोबा खुर्चीत स्थिर बसून होते. अखेर खेळ सुरू झाला आणि भारत 33-29 असा जिंकला. शेवटची सेकंदे उलटी मोजत नातू ओरडत होता. घड्याळ शून्यावर आले तेव्हा त्याने मागे वळून पाहिले. आजोबांनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास त्या क्षणी सोडला आणि पाण्याचा पेला मागितला.