सोंगाचा कागद

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं वसईला माझ्या घरी जमतो आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. शेजारच्या काकूंना वाटतं, आम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. प्रत्येकापुढे कागद, पेन्सिल, खोडरबर आणि चेहऱ्यावर टेन्शन. त्यांची चूक नाही.

खेळ जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो बाजारात आणला. एकजण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर. आमच्याकडे ते काम माझं. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात. भिंत चढायची, कुलूप उघडायचं, राक्षसाला थापा मारायच्या, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटा चढवून नाचतात, त्याला सोंग म्हणतात. आम्हीही सोंगंच आणतो. आमचा मुखवटा फक्त कागदाचा असतो.

तो कागद म्हणजे कॅरेक्टर शीट. डावीकडे सहा आकडे: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची ताकद. चपळाई १६ असेल तर फाशाच्या आकड्यात ३ मिळवायचे, ताकद ८ असेल तर १ वजा. मध्ये जीव किती उरलाय ते. हा आकडा सारखा बदलतो, म्हणून सगळं पेन्सिलनं लिहायचं. २०१४ च्या आवृत्तीच्या शीटवर उजवीकडे आणखी चार चौकटी आहेत. पात्राचा स्वभाव काय, ते कशावर विश्वास ठेवतं, त्याचा जीव कुणात अडकलाय आणि त्याच्यात खोट कोणती. नवखे लोक या चौकटी कोऱ्या सोडतात. खरी गंमत तिथेच असते.

आमच्यातला एकजण नालासोपाऱ्याचा. कॉलेजपासूनचा मित्र. मी गोष्टीसाठी वसईच्या किल्ल्यासारखं एक समुद्रकाठचं गाव रचलं होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्ला आम्हाला पायाखालचा, त्यामुळे नकाशा काढायला सोपा गेला. मित्रानं पात्र घेतलं रोगचं. म्हणजे चोर. मराठीत 'मी रोग आहे' म्हटलं की आजही सगळे हसतात. त्याचा चोर आधी किल्ल्याच्या दरवाज्यावर पहारेकरी होता. खोटेच्या चौकटीत त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पहाऱ्याची नोकरी गेली. तरी रोज सकाळी भाला घेऊन निघतो. आईला माहीत नाही.'

मला ते फार आवडलं. किती छान पात्र, एवढंच मनात आलं.

एप्रिलमध्ये त्याचा मावसभाऊ खेळायला येणार होता. त्याला शीट कशी भरायची ते कळावं म्हणून मी तिन्ही शीटचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. कोऱ्या शीटच्या तळाशी छापलेलं असतं की स्वतःच्या वापरासाठी झेरॉक्स काढायला परवानगी आहे. भरलेल्या शीटबद्दल तिथे काही लिहिलेलं नसतं. मीही विचारलं नाही.

पाच मिनिटांत मावसभावाचा मेसेज आला: 'हा तर दादाच! फक्त भाल्याऐवजी डबा!' पुढे तीन हसणारे चेहरे. बाकीचेही हसले. मीही एक चेहरा टाकला.

मित्राचा मेसेज मला वेगळा आला. 'फोटो काढून टाक.' मी काढला. पुढचे तीन रविवार तो आला नाही. फोन केला की म्हणायचा, ऑफिसात काम आहे.

मग एका मंगळवारी साडेअकराला तो मला वसई रोड स्टेशनवर दिसला. बाकावर बसलेला, मांडीवर डब्याची पिशवी. मला बघून उठला नाही.

"ऑफिस?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत गेलं. पास जूनपर्यंत आहे." थोड्या वेळानं म्हणाला, "नालासोपाऱ्यात थांबलो तर कुणीतरी बघतं. इथे कोण ओळखतंय."

मी सॉरी म्हटलं. ते पुरेसं नव्हतं, म्हणून रागावलेही. "मग लिहिलंस कशाला त्या कागदावर?"

"कुठेतरी लिहायला नको का?" तो म्हणाला. "तुला वाचायला दिलं होतं. सगळ्यांना नाही."

समोरून विरार लोकल गेली. आम्ही दोघांनी त्याच्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं माझी आजी म्हणायची. तो ते तीन महिने आणत होता. दर एक तारखेला साठवलेल्यातले पैसे पगार म्हणून आईच्या हातात ठेवत होता. आता दोनच पगार उरले होते.

घरी सांग, असं मी म्हटलं नाही. एवढं शहाणपण त्या दिवशी तरी आलं.

जूनच्या पहिल्या पावसात तो पुन्हा खेळायला आला, भिजलेला. त्यानं घरी सांगितलं होतं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डबा भरला आणि म्हणाली, "मुलाखतीला जाताना तरी पोटभर खाऊन जा." नोकरी अजून मिळाली नव्हती. मावसभाऊ शेजारी गप्प बसला होता. मग त्यानं सगळ्यांसाठी वडापाव आणले.

मित्रानं आपली शीट मागून घेतली आणि खोटेची चौकट खोडली. आधीच इतकी खोडाखोड झाली होती की तिथे कागदाला भोक पडलं. त्यानं मागून चिकटपट्टी लावली आणि वर काहीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

आता आमच्याकडे एक नियम आहे. आपली शीट ज्यानं त्यानंच दाखवायची. डंजन मास्टरला माहीत असलेलं सगळं टेबलावर येत नाही.

त्या रात्री मी फोनची गॅलरी उघडली. ग्रुपवरून काढलेला फोटो माझ्याकडे तसाच होता. बारीक अक्षर मोठं करून शेवटचं एकदा वाचावंसं वाटलं. वाचलं नाही. डिलीट केला, मग ट्रॅशमधूनही.