ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. भाषाविज्ञान शिकवताना मी ती अनेकदा वापरली आहे. यमकामुळे एखादे वाक्य लोकांच्या तोंडी कसे टिकून राहते, हे दाखवायला ते उदाहरण सोयीचे पडते. तिच्या अर्थाकडे मात्र मी फारसे लक्ष दिले नव्हते. शब्दांचे मूळ शोधणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला मूळ शोधू नका असे सांगणारी म्हण थोडी मागासलेलीच वाटणार. गेल्या दिवाळीत तिच्याकडे मला नव्याने पाहावे लागले.

अमेरिकेत राहणारी माझी भाची सुट्टीसाठी आली होती. तिने बॅगेतून एक छोटे खोके काढून माझ्यापुढे ठेवले. आत प्लॅस्टिकची एक नळी होती. नळीत लाळ भरायची, झाकण लावायचे आणि ती प्रयोगशाळेकडे पाठवायची. काही आठवड्यांनी आपले पूर्वज जगाच्या कोणत्या भागातले आणि आपले नातेवाईक आज कोठे कोठे आहेत, हे संगणकाच्या पडद्यावर दिसते. "मावशी, तूही दे ना," ती म्हणाली. "आईच्या बाजूचं सगळं झाड पूर्ण करू या. मालूआजीच्या नातवानंही किट घेतलंय. आम्ही दोघं एकदमच देणार आहोत."

मी गप्प झाले. मालूआजी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, माझी मालूमावशी. ती माझ्या आजीच्या पोटची नाही, हे आईने मला तिच्या अखेरच्या आजारपणात सांगितले होते. काही महिन्यांची असताना आजोबांनी तिला एका बालकाश्रमातून घरी आणले. पुढे आजोबांची बदली झाली, गाव बदलले, शेजार बदलला आणि गोष्ट तेथेच मिटली. मावशीला स्वतःला हे माहीत आहे की नाही, ते आईलाही नक्की सांगता आले नव्हते.

आता या नळीचा आणि त्या मिटलेल्या गोष्टीचा संबंध पाहू. प्रत्येक माणसाला निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा, तर सख्ख्या चुलत, मामे, मावस किंवा आते भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. ज्यांच्या आज्या सख्ख्या बहिणी, अशा दोन नातवंडांत तो सुमारे तीन टक्के असतो. तीन टक्के ऐकायला अल्प वाटतात. पण इतक्या जवळच्या नात्यात जुळणी मुळीच सापडली नाही, असे जवळजवळ कधीच घडत नाही. माझी भाची आणि मालूमावशीचा नातू या दोघांनी लाळ दिली असती, तर पडद्यावर त्यांच्या नावांपुढे काहीच आले नसते. चौऱ्याऐंशी वर्षे सांभाळलेली गोष्ट दोन तरुण मुलांना एका रिकाम्या जागेतून कळली असती.

वंशाचा शोध आपल्याला नवा नाही. वंशावळ हा शब्द आज अनेकांना भेटतो तो जात पडताळणीच्या अर्जात किंवा वारसनोंदीच्या कागदांत. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही उघडतात आणि पणजोबांचे हस्ताक्षर समोर येते. या नोंदी बहुतांशी पुरुषांच्या. माझ्या आजीच्या आईचे नाव मला अशा कोणत्याही वहीत सापडलेले नाही. डीएनए चाचणीचे मोल मला प्रथम जाणवते ते येथे. वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र जसे पुरुषांची ओळ सांगते, तसा केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए स्त्रियांची ओळ सांगतो. कागदाने गाळलेल्या स्त्रियांची नावे त्यातून परत मिळत नाहीत, पण त्यांच्या असण्याची खूण मिळते.

या ज्ञानाची किंमत ज्यांना कळते, अशी माणसेही पुष्कळ आहेत. अर्जेंटिनातील लष्करी राजवटीने १९७६ ते १९८३ या काळात हजारो विरोधकांना नाहीसे केले आणि बंदिवासात जन्मलेली त्यांची बाळे परक्या घरी देऊन टाकली. 'प्लाझा दे मायो'च्या आज्यांनी नातवंडांचा शोध घेताना जनुकशास्त्राची मदत मागितली. मधली पिढी मारली गेली असताना आजी आणि नातू यांचे नाते कसे सिद्ध करायचे, हा प्रश्न मेरी-क्लेअर किंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी सोडवला. आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. आपल्या देशातून युरोपात दत्तक गेलेली आणि आज प्रौढ झालेली कित्येक माणसेही आपली आई शोधत येथे येतात. कागद हरवलेले किंवा खोटे असतात, तेव्हा लाळेच्या थेंबाखेरीज त्यांच्या हाती दुसरे काही नसते. त्यांना ऋषीच्या कुळाची म्हण ऐकवण्याचा अधिकार मला नाही.

तरीही मूळ दाखवा, ही मागणी कोण कोणाकडे करतो, हे पाहावे लागते. बेने इस्रायली हा कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांमुळे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. १९६४ मध्ये या समाजाने मोठे आंदोलन केले, तेव्हा हा भेदभाव मागे घ्यावा लागला. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे आढळले की, या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे असून ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला आहे. इतिहास म्हणून हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून ठरते. हाच अहवाल १९६२ मध्ये एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असता, तर त्याचा उपयोग कसा झाला असता, याची कल्पना करून पाहावी. ज्या देशात लग्नापासून वस्तीपर्यंत पुष्कळ गोष्टी अजूनही जन्मावरून ठरतात, तेथे हा प्रश्न परका नाही.

दुसरी अडचण मालकीची आहे. माझी लाळ माझी, म्हणून ती देण्याचा निर्णयही माझा, असे वरवर वाटते. २०१८ मध्ये अमेरिकेत जोसेफ डीअँजेलो या क्रूर गुन्हेगाराला चार दशकांनंतर अटक झाली. त्याने स्वतः कधीही वंशशोधासाठी डीएनए दिलेला नव्हता. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी 'जीईडीमॅच' या खुल्या संग्रहात तो ठेवला होता. तेवढ्या धाग्यावरून पोलिसांनी घराण्याचे झाड रचले आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचले. गुन्हेगार सापडला याचा आनंद सर्वांनाच व्हावा. मात्र ज्या वाटेने पोलीस गेले, त्या वाटेने अन्य कोणीही जाऊ शकतो. २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरांनी जुन्या पासवर्डांच्या आधारे उघडली. नातेवाईक दाखवण्याच्या सोयीमुळे त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे आता काय होणार, असा प्रश्न उभा राहिला. अखेर कंपनीच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. तीर्थोपाध्यायांची वृत्तीही वारसाने आणि कधी विक्रीने हस्तांतरित होत असे. पण वहीत फक्त नावे असत. पासवर्ड बदलता येतो, आडनावही बदलता येते. डीएनए बदलता येत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. वैवाहिक वादात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करू नये, कारण त्यात त्या मुलाचा स्वतःचा हक्क गुंतलेला असतो, असेही न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, तर डीएनए तंत्रज्ञानाचे नियमन करणारे विधेयक मागे घेण्यात आले. कायद्याची मांडणी बहुधा एका व्यक्तीच्या संमतीभोवती असते. डीएनए मात्र एका व्यक्तीचा कधीच नसतो. 'माझा' हे सर्वनाम येथे अपुरे पडते. मराठीत 'आपला' असा एक शब्द आहे, तो अधिक जवळचा.

भाचीला मी दोन दिवस थांबायला सांगितले आणि मालूमावशीकडे गेले. काय बोलायचे ते ठरवून गेले होते. प्रत्यक्षात चहा संपेपर्यंत मी त्या नळीचीच माहिती सांगत राहिले. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "तू मला हे का सांगतेयस ते कळलं मला. ताईनं तुला सांगितलं असणार."

तिला ते तेराव्या वर्षापासून ठाऊक होते. एका लग्नघरी कोणा बाईने दुसरीला हळूच सांगितलेले तिच्या कानावर पडले होते. तिने घरात कोणालाही विचारले नाही. "विचारलं असतं तर आईला वाटलं असतं, हिला आपण कमी पडलो," एवढेच कारण तिने दिले.

"नातवाला सांगायचं की नाही, ते मी बघते," ती पुढे म्हणाली. "माझं मी सांगू शकते. पण जिनं मला तिथं ठेवलं, तिचं काय? तिला कोणीतरी शब्द दिला असेल ना, की हे कुणाला कळणार नाही म्हणून? त्या मुलांनी लाळ दिली की तिचीही माणसं सापडतील म्हणतेस. त्यांना काय माहीत असेल?"

याचा विचार मी केला नव्हता. मला बालहत्या प्रतिबंधक गृह आठवले. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात ते सुरू केले आणि फसवल्या गेलेल्या विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, असे जाहीर आवाहन केले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पुढे दत्तक घेतले. त्या घराचा सारा आधार गुप्ततेच्या शब्दावर होता. तो शब्द नसता तर ती बाळे जगलीच नसती. मालूमावशीला जन्म देणारी स्त्रीही अशाच कोणत्या तरी शब्दावर विसंबली असेल. ती आता हयात नसणार. तिची मुले, नातवंडे मात्र कोठे तरी असतील आणि त्यांच्यापैकी कोणी उद्या हौसेने एक खोके उघडेल.

मी भाचीला मावशीची गोष्ट सांगितली नाही. चाचणी द्यायची तर घरातील सर्वांना विचारून दे आणि नातेवाईक शोधण्याची सोय तोवर बंद ठेव, एवढेच सांगितले. तिने कारण विचारले. मी म्हटले, "कारण आहे, पण ते माझं नाही." ती थोडी नाराज झाली, पण खोके परत बॅगेत ठेवले. पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला. नातवाला तिने स्वतः सांगितले होते. "रडला थोडा," ती म्हणाली, "मग म्हणाला, आजी, तुला शोधायचं असेल तर मी देतो, नाहीतर राहू दे. मी म्हटलं, मला विचार करू दे." ती अजून विचार करते आहे.

ती म्हण मी आता वर्गात सांगते, तेव्हा तिच्या अर्थाबद्दलही बोलते. मूळ शोधू नये, असे मला आजही म्हणवत नाही. मूळ हरवलेल्यांना तो हक्क हवाच. पण नदीच्या मुळाशी जाणाऱ्या वाटेवर इतरांची घरे लागतात, आणि त्यांची दारे ठोठावल्याशिवाय आत जाऊ नये, एवढा अर्थ मी त्या म्हणीत वाचते.