जावक बारनिशी

माझ्या लिहिण्याच्या मेजामागील फडताळात, ज्ञानेश्वरी आणि जुनी पंचांगे यांच्या शेजारी, लाल कापडी पुठ्ठ्याच्या तीन जाडजूड वह्या गेली कित्येक वर्षे उभ्या आहेत. आणि घरातील मुलांनी त्या रद्दीत घालण्याचा विषय कितीदा काढला असला तरी मी तो ऐकलेला नाही. त्यांतील कोणतीही उघडली की पहिल्याप्रथम शिंक येते. निपाणीच्या तंबाखूचा खकाणा एकदा ज्या कागदात शिरला त्यातून तो बाहेर निघत नाही. शिंक ओसरली म्हणजे बोरूच्या वळणाचे अक्षर दिसू लागते : जावक क्रमांक, तारीख, कोणास, विषय, तिकिटे, शिल्लक, शेरा.

ह्या बारनिश्या आमच्या गावच्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या, आणि अक्षर तिच्या दिवाणजींचे. संघटनेला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, मानद चिटणीस होते. पण पगारी माणूस असा हा एकटाच. माझ्या वडिलांच्या वखारीलगतच्या जिन्याने वर गेले की कचेरी लागे. सुगीत खाली बोदांची चढउतार चाललेली असताना मी वर जाऊन दिवाणजींच्या गादीच्या कडेला बसून राही. मातीच्या पणतीत स्पंजाचा तुकडा भिजवून ते तिकिटाची पाठ अलगद त्यावरून फिरवीत, लिफाफ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते चिकटवून तळव्याने दाबीत आणि मगच बारनिशीत आकडा टाकीत. जिभेने तिकीट ओले करणाऱ्या माणसाविषयी त्यांना मनापासून घृणा होती.

एकदा मी लुडबुड करून गावातल्या गावात जाणाऱ्या पत्रावर एक आणा जास्तीचे तिकीट डकवले. दिवाणजी रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच्या कोटाच्या खिशातून एक आणा काढून तिकिटांच्या डबीत टाकला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘धाकटे मालक हस्ते जादा, भरून पावले.’ ते पान आजही जागच्या जागी आहे. माझ्या आयुष्यातील पहिली दफ्तरी नोंद ती हीच, आणि ती कसुरीची आहे.

त्याच वर्षीच्या, म्हणजे १९५६ च्या वहीत थोडे पुढे गेले की ऑक्टोबर संपतो आणि ‘कोणास’ हा रकाना अकस्मात बदलतो. तोवर जवळजवळ प्रत्येक अर्जाचा पत्ता मुंबई असा होता. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली, निपाणीसह आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या तारखेनंतर पानोपान बंगळूर, बंगळूर असे दिसू लागते. त्या घटनेवर सीमाभागात किती सभा झाल्या, किती लोक तुरुंगात गेले आणि किती घरांत अजूनही तो विषय जेवणाच्या पानावर निघतो हे मी नव्याने सांगावयास नको. मला एवढेच सांगावयाचे आहे की ज्या दिवशी गाव एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात जाऊन बसले, त्या दिवशी जावक क्रमांकाच्या मालिकेत खंड पडला नाही. दिवाणजी स्वतः एकीकरणाच्या बाजूचे. सभांना जात, घोषणाही देत. परंतु चाळिशीला टेकलेल्या ह्या गृहस्थाने त्याच हिवाळ्यात प्राथमिक शाळेतील कन्नडची पहिली पुस्तके आणून, संध्याकाळी कचेरीचा दिवा लावून, मुळाक्षरे गिरवावयास आरंभ केला. कुणी हटकले तर म्हणत, ‘‘भांडण आमचं, खरं कागद व्यापाऱ्याचा. त्यो अडून कसा चालंल?’’

आणि कागद तरी थोडे होते काय! युद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, सरकारने तंबाखूवर अबकारी बसवली, आणि तेव्हापासून पान शेतातून निघाल्यापासून बिडीच्या कारखान्यात पोहोचेपर्यंत त्याच्या प्रत्येक मुक्कामी परवाना, नोंद आणि झडती हा क्रम सुरू झाला. वजनात चार शेरांचा फरक पडला तरी खुलासा मागवला जाई, आणि खुलासा देणारा व्यापारी बहुधा आकड्यापुरताच साक्षर असल्यामुळे तो खुलासा दिवाणजींच्या दौतीतूनच उतरत असे. पुढे १९७९ साली कच्च्या तंबाखूवरील ही अबकारी उठली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. दिवाणजींनीही पेढा घेतला. पण त्या वर्षाची बारनिशी निम्मीच भरली आहे, आणि कोऱ्या पानांकडे पाहताना त्यांच्या मुद्रेवर जे भाव येत ते केवळ आनंदाचे खचित नव्हते.

अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात माझे शिक्षण झाले. तंबाखूच्याच व्यापारातील देवचंद शहा यांच्या पुढाकाराने १९६१ साली उभे राहिलेले हे महाविद्यालय निपाणीच्या उंबऱ्याशी असले तरी महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. त्यामुळे आम्ही रोज चालत परराज्यात जाऊन मराठीत शिकत असू आणि जेवणाला म्हैसूर राज्यात परतत असू. त्यानंतर मी बेळगावात उद्यमबागेत ओतकामाचा लहानसा कारखाना काढला आणि निपाणी केवळ सणावाराची झाली.

१९८१ च्या वसंतात मात्र जाणे झाले. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि आमच्या वखारींना कुलपे होती. दिवाणजींचे सख्खे भाऊ आणि पुतणे त्या रस्त्यावर होते. दिवसा दिवाणजी कचेरीत बसून व्यापाऱ्यांची निवेदने लिहीत आणि तिन्हीसांजेला भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन रस्त्यावर जात. दोन्हीकडच्यांना हे ठाऊक होते आणि दोन्हीकडच्या कुणीही त्यांना त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. बारनिशीत त्या दिवशीची नोंद नाही. एवढ्या वर्षांत कामाचा दिवस कोरा सोडलेला मला दुसरा आढळला नाही.

व्यापाऱ्यांच्या संस्था आपल्याकडे जुन्याच. मुंबईचे चेंबर १८३६ चे, पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे. अशा कोणत्याही संस्थेत गेलो की भिंतीवर सोनेरी अक्षरांत माजी अध्यक्षांची सनावळी पाहण्याचा मला छंद आहे. बेळगावात एका संस्थेच्या अशाच फलकावर माझेही नाव दोन वर्षांपुरते आहे, आणि त्या दोन वर्षांत मी किती पत्रांचे मसुदे न वाचता सह्या केल्या हे त्या कचेरीतील बाईंनाच माहीत. पगारी माणसाचे नाव त्या फलकावर मी तरी पाहिले नाही.

१९८८ साली दिवाणजी निवृत्त झाले. कार्यकारिणीच्या बैठकीत शाल किती रुपयांपर्यंतची असावी यावर अर्धा तास खल झाला. त्यांच्या निर्वाहाचे पुढे काय, हा प्रश्न ‘पुढील सभेपुढे ठेवावा’ असे ठरून मिटला. मानपत्र लिहिण्याचे काम, गावचा मुलगा आणि लिहिणारा म्हणून, माझ्याकडे आले. अध्यक्षांसाठी मी पुष्कळ मानपत्रे लिहिली होती. ‘व्यासंगी’, ‘दानशूर’, ‘कर्तव्यतत्पर’ ही विशेषणे हाताशीच असत. ह्या मनुष्यापुढे त्यांतील एकही उभे राहीना. अखेर तीन परिच्छेद कसेबसे जुळवून, चौकट करवून, मी ते घेऊन गेलो.

समारंभ वखारीच्या अंगणात झाला. शाल, श्रीफळ, भाषणे, सर्व यथासांग. अध्यक्षांनी मानपत्र हाती दिले तेव्हा दिवाणजींनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचले, उलटून पाठ पाहिली, आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘धाकटे मालक, नंबर टाकला न्हाई की ह्याला.’’

लोक हसले. ते हसले नाहीत. शाल खांद्यावर तशीच ठेवून जिना चढून गेले. मी मागोमाग गेलो. बारनिशी उघडून त्यांनी पुढचा क्रमांक घातला, तारीख घातली, ‘कोणास’ खाली स्वतःचे नाव पूर्ण लिहिले, विषय : मानपत्र, तिकिटे : निरंक, समक्ष पोच. शेवटी शिल्लकेच्या रकान्याशी टाक थांबला. खाली अध्यक्ष चहासाठी खोळंबले होते. दिवाणजींनी खणातून डबी काढली, तिकिटे गादीवर पसरली आणि एकेक करून मोजावयास बसले.