शब्द ऐकू आले पाहिजेत

गाडीतला जुना स्टिरिओ बंद पडला, तेव्हा ह्यांनी दुकानात थेट मोठ्या पडद्याच्या संचावर बोट ठेवलं. रंगीत दिवे काय, खोक्यावर छापलेले भरमसाट वॉट काय! माझ्या डोळ्यांपुढे मात्र मागच्या सीटवर गप्प बसणाऱ्या सासूबाई होत्या. "नुसता धडधडाट गं, शब्दच कळत नाहीत," म्हणायच्या. वय झालं की बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श ही अक्षरं त्यातच हरवतात.

शाळेत शुद्धलेखन घालताना मी ओरडत नाही, स्पष्ट बोलते. इथंही तेच! दुकानदाराला म्हटलं, "भीमसेनजींचा अभंग लावा, आवाज लहान ठेवून." पडद्याच्या संचावर ठेक्यानं शब्द गिळले. तेवढ्याच पैशांतला साधा संच आणि चांगले स्पीकर लावले, तर मागचा तंबोरासुद्धा ऐकू आला.

"अहो, गाडी चालवताना पडदा बघणार कोण?" मी विचारलं. हे हसले, पण ऐकलं.

परवा आळंदीच्या वाटेवर मागून बारीक आवाज आला. सासूबाई अभंगाच्या बरोबरीनं गात होत्या.